तीन गोळ्यांचा पुरावा



चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘काडतूस’ असे सांगितले, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांची शंका रास्त आहे. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपविला, ते उत्तमच झाले. परवान्यावाचून घरी काडतुसे भरणे हाही 1959 च्या शस्त्र-कायद्याने गुन्हाच आहे. अमेरिकेत मात्र हरणांची आणि एल्कची शिकार ठरलेल्या हंगामात कायद्याने करता येते, आणि तेथले पुष्कळ शिकारी आपली काडतुसे आपल्या हातांनी भरतात. बाजारात तयार माल मिळत असता ही उठाठेव कशासाठी, हे आज पाहावयाचे आहे.

आमच्या लहानपणी कोकणात काकांजवळ शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. दारू अंदाजाने ओतायची, गजाने ठासायची, की झाला बार तयार. एका रात्री डुकराला गोळी लागली, पण पोटात. जनावर करवंदीच्या जाळीत शिरले. सकाळी रक्ताचा माग ओढ्यापर्यंत दिसला, पुढे नाही. काका त्या दिवशी धड जेवले नाहीत. ‘बार कमी पडला,’ एवढेच म्हणत राहिले.

बार कमी पडणे म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. काडतुसात चार वस्तू असतात : पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी केप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर नळकांडी शिल्लक राहते. ती पुन्हा मापात दाबून, नवी केप बसवून, दारू तोलून भरता येते. (येथे एक गंमत आहे. बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन हा अमेरिकन. पण बॉक्सरच्या पद्धतीची केप अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. बॉक्सरच्या पद्धतीत मधोमध एकच छिद्र असल्यामुळे जुनी केप सुईने ढकलून सहज निघते. घरी भरणाराला ते फार सोयीचे.) दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात. एका पौंडात 7,000 ग्रेन. आणि हे लोक ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. आपला सोनार पूर्वी गुंजेवर थांबे!

एवढी चिकाटी का? ‘थर्टी-ओ-सिक्स’ नावाच्या प्रसिद्ध काडतुसाची गोळी सेकंदाला सुमारे 2,700 फूट वेगाने निघते असे धरा. पैकी एक गोळी शेकडा दोन टक्के मंद निघाली, तर 100 यार्डांवर ती इंचाच्या दहाव्या भागाइतकीच खाली लागेल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. 500 यार्डांवर तीच चूक तीन इंचांची होते. जवळच्या निशाणावर बार निर्दोष दिसतो, आणि दोष दूर गेल्यावर उघडा पडतो.

गोळीचा वेग मोजण्याचे श्रेय बेंजामिन रॉबिन्सचे. 1742 साली त्याने आपल्या ग्रंथात लंबकाची युक्ती सांगितली : टांगलेल्या जड फळीवर गोळी मारावयाची आणि फळी किती झुलली यावरून वेग काढावयाचा. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

दुसरा मनुष्य मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड गावचा डॉक्टर फ्रँकलिन मॅन. एकाच बंदुकीच्या दोन गोळ्या एकाच छिद्रातून का जात नाहीत, या एका प्रश्नापायी त्याने आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. नेमबाजाचा हात हा दोष वगळावा म्हणून त्याने काँक्रीटच्या चौथऱ्यावर नळी टेकविली, गोळीच्या वाटेत कागदाचे पडदे लावले, आणि गोळ्या मुद्दाम विद्रूप करून सोडल्या. टोक बिघडविलेली गोळी बव्हंशी नीट जाई; बूड किंचित बिघडले की ती भरकटे. आपण सारे टोकाकडे पाहतो, आणि दोष बुडाशी! त्याचे पुस्तक 1909 साली निघाले.

आता आमच्या मते जी खरी फसगत आहे, तिच्याकडे वळू. नवा बार भरला, तीन गोळ्या मारल्या, तिन्ही एका रुपयाखाली झाकल्या गेल्या; शिकारी हर्षभरित होऊन तो कागद खिशात घालून हिंडतो. पण गणित निराळे सांगते. त्याच बंदुकीने, त्याच बाराने दहा गोळ्यांचे पुंजके मारले, तर त्यांचा पसारा सरासरीने तीन गोळ्यांच्या पुंजक्याच्या दीडपटीहून थोडा अधिक भरतो. शिवाय तीन गोळ्या कधी दैवयोगाने जवळ पडतात, कधी दूर. दहा बारांची अशी परीक्षा घेतली तर त्यांतला एक अव्वल ठरणारच, मग दहाही सारखेच असोत! त्यामुळे तीन गोळ्यांवर बार पसंत करणे म्हणजे नाणे उडवून जावई पसंत करणे.

जो प्रामाणिकपणे दहा-वीस गोळ्या मारून मोजतो, त्याला मात्र कटू गोष्टी कळतात. 500 यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा वरील गोळीला सुमारे दीड फूट बाजूस नेतो. तेथे ग्रेनच्या दहाव्या भागाची काय प्रतिष्ठा? आणि तेवढे अंतर काटण्यास गोळीला सेकंदाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग लागतो. चरणारे एल्क तेवढ्यात एक पाऊल पुढे टाकते, आणि काळजावर धरलेला नेम पोटात बसतो. काडतूस कितीही काटेकोर भरा, ते पाऊल भरणाराच्या हाती नाही. म्हणून 500 यार्डांवरची पत्र्याची चकती नेमाने वाजविणाऱ्याला एल्कसाठी कोणी तेवढ्याच अंतरावर बसविले, तर त्याने बंदूक खाली ठेवून, ओढ्याच्या आडोशाने रांगत निम्मे अंतर तोडावे. गुडघे सोलतील, कधी जनावर निघूनही जाईल.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. प्रश्न असल्यास अवश्य विचारा. मात्र दारूचे प्रमाण कोणी विचारू नये.