टपाल घरी, माणूस फडात

(बीड येथे नागरी हक्क शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात टपालावर काय बोलायचं? खुशालीची पत्रं बंद झाली, हे खरं आहे. पण पोस्टमन अजून दारात येतो आणि तो काय आणतो ते आठवा. कोर्टाची नोटीस, बँकेचं एटीएम कार्ड, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट. खुशालीचं पत्र हरवलं तर फार तर कुणी रुसायचं. यातलं एखादं पाकीट हरवलं तर शेताचा दावा हातचा जातो, खात्यातले पैसे जातात. मी बीडच्या कोर्टात वकिली करते. "मॅडम, आम्हाला नोटीस मिळालीच नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतली गावं रिकामी होतात. कोयता घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पाच-सहा महिने दाराला कुलूप, नाहीतर घरात म्हातारी माणसं. यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत, आपले मुसलमानही आहेत.

पोस्टमन येतो, कुलूप पाहतो, पाकिटावर शेरा मारतो. 'दार बंद', 'गाव सोडून गेले', 'घेण्यास नकार'. नोंदणीकृत टपाल साधारण सात दिवस पोस्टात थांबतं आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जातं. तुम्हाला वाटतं, परत गेलं म्हणजे विषय मिटला. कायदा तसं म्हणत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ सांगतं, की बरोबर पत्ता लिहून, टपालखर्च भरून, रजिस्टर पोस्टानं पाठवलेलं पत्र पोहोचलं असं धरायचं. पोहोचलं नाही, हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. तुम्ही फडात असता आणि कायद्याच्या लेखी नोटीस तुमच्या हातात पडलेली असते.

मागे धारूर तालुक्यातलं एक जोडपं माझ्याकडे आलं. उचल घेताना नवऱ्यानं सही केलेला कोरा चेक दिला होता. उचल फिटली की नाही, यावर वाद झाला आणि चेक बँकेत टाकला गेला. तो न वटल्याची नोटीस गावी आली तेव्हा हे दोघं कर्नाटकात होते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम १३८ खाली खटला भरता येतो. पाडव्याला घरी आले तर थेट कोर्टाचं समन्स. सुदैवानं ते दुसऱ्याच दिवशी आले. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी खटल्यात सांगितलं आहे, की नोटीस मिळाली नाही असं म्हणणाऱ्यानं समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत चेकची रक्कम भरावी. ते केलं नाही तर नोटीस मिळाली नव्हती असं त्याला म्हणता येणार नाही. आम्ही ती मुदत पकडली. महिनाभर समन्स फळीवर पडून राहिलं असतं तर ती वाट बंद झाली असती.

दिवाणी दाव्यातही असंच. एकतर्फी निकाल झाला आणि समन्स नीट बजावलंच गेलं नव्हतं, तर निकाल कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करायचा अर्ज देता येतो. म्हणून 'कधी कळलं' ही तारीख लिहून ठेवायची. तुम्ही तेव्हा गावात नव्हता याचा पुरावाही लागतो. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, टोळीची नोंद, ग्रामपंचायतीचा दाखला, फडाजवळच्या दवाखान्याची चिठ्ठी. कागद जपा.

आता पत्त्याकडे येऊ. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं. देशात एकाच नावाची गावं अनेक, माणसं अनेक, लिप्या अनेक. त्यावर काढलेला हा उपाय. आपल्याकडे बघा. शिरूर बीडमध्ये आहे, पुण्यात आहे, लातूरमध्येही आहे. आष्टी बीडमध्ये, वर्ध्यातही. बीड शहराचा पिन ४३११२२, पण आष्टी ४१४२०३ आणि पाटोदा ४१४२०४. जिल्हा बीड म्हणून तिथल्या पत्त्यावर कुणी ४३१ टाकलं की पाकीट चुकीच्या वाटेला लागलंच. अंबाजोगाई निजामाच्या काळात मोमिनाबाद होतं, आता औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. नावं बदलतात. पाकिटाला वाट दाखवतो पिन, तो पाठ करा.

नावांचा घोळ आपल्या घरांत जास्त. मोमीनपुऱ्यात किंवा बालेपीरला एका गल्लीत दोन-तीन 'शेख अहमद शेख महेबूब' सहज निघतात. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. पोस्टमन पहिल्या ओळखीच्या दारात पाकीट देतो. यात त्याचा काही डाव नसतो. म्हणून पत्त्यात घर क्रमांक, मशिदीजवळ-शाळेजवळ अशी खूण आणि मोबाइल नंबर टाका. चुकून दुसऱ्याचं पाकीट आलं तर न उघडता पोस्टात परत द्या. किराणा दुकानावर किंवा मुकादमाच्या ओट्यावर सगळ्या वस्तीचं टपाल टाकायची पद्धत बंद करायला सांगा. ज्याची उचल अंगावर आहे, त्याच्याच घरी आपली नोटीस पडून राहावी, हे बरं नाही.

फडावर जाण्याआधी दोन कामं करा. पहिलं, तुमच्या पोस्टात डाकपालांना लेखी अर्ज द्या. जुना पत्ता, टपाल कुठे वळवायचं तो पत्ता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सही, ओळखपत्राची प्रत. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. टोळी या फडावरून त्या फडावर हलते, त्यामुळे तिथला पत्ता टिकत नाही. गावातल्या किंवा बीडमधल्या भरवशाच्या नातेवाइकाचा पत्ता देणं सोयीचं. दुसरं, त्याच माणसाला तुमचं रजिस्टर टपाल सही करून घेण्याचं अधिकारपत्र द्या आणि त्याची प्रत पोस्टात ठेवा. पासपोर्टसारखं टपाल मात्र ज्याचं त्याच्याच हाती मिळतं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एक समजवा. सरकारी पाकीट दिसलं की ते घाबरून परत पाठवतात. 'घेतलंच नाही तर केस होणार नाही' अशी समजूत आहे. उलट आहे. नकाराचा शेरा म्हणजे कोर्टाच्या लेखी बजावणी. पाकीट घ्या, तारीख लिहा, फोटो काढून फडावर पाठवा. लखोटा फेकू नका. त्यावरचा शिक्का हा पुरावा असतो.

हीच समजूत तलाकच्या पत्राबद्दल आहे. शायरा बानो यांना २०१५ मध्ये तलाकनामा स्पीड पोस्टानं आला. त्यांच्याच याचिकेवर २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्याआधी २००२ मध्ये आपल्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठानंही दगडू पठाण खटल्यात सांगितलं होतं, की नुसतं लिहून टाकल्यानं तलाक शाबित होत नाही. आता २०१९ चा कायदा आहे. बहिणींनो, असं पाकीट आलं तर ते नाकारू नका आणि घाबरूही नका. त्या कागदानं लग्न मोडत नाही, पण तो कागद तुमच्या बाजूचा पुरावा आहे. भाऊ किंवा सासरा तो लपवत असेल तर हट्टानं मागून घ्या.

पाकीट फाडलेलं, चिकटवलेलं दिसलं तर पोस्टमनसमोरच तसं लिहून घ्या. एटीएम कार्ड वेळेत आलं नाही तर लगेच बँकेला कळवून ते बंद करा. पैसे गेले तर १९३० वर फोन करा आणि बँकेलाही ताबडतोब लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार कळवायला जितका उशीर, तितका बोजा खातेदारावर. चोरीचा संशय असेल तर पोलिसांत तक्रार द्या. पोस्टाची तक्रार १८०० २६६ ६८६८ वर होते, त्यासाठी पावतीवरचा तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. स्पीड पोस्ट हरवलं तर भरपाई म्हणजे खर्चाच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यातली कमी रक्कम. त्यात काही हाती लागत नाही. पण तक्रारीचं लेखी उत्तर कोर्टात कामाला येतं. उत्तर आलं नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात डाक अधीक्षकांकडे बटवड्याची नोंद मागा.

मतदार यादीचंही तेच. 'स्थलांतरित' म्हणून नाव काढायची नोटीस बंद दाराला येते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम २० स्पष्ट आहे: तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणूस गावचा रहिवासी असणं संपत नाही. हे वाक्य लिहून ठेवा आणि बीएलओला दाखवा.

शेवटी, हे सगळं एकेकट्यानं करायचं ओझं नाही. मुकादम गावोगाव गाड्या भरतात तेव्हा त्यांच्याकडे प्रत्येक कोयत्याची यादी असते. पोस्टाकडे आणि ग्रामपंचायतीकडे तशी यादी का नसावी? या ऑक्टोबरमध्ये प्रत्येक तालुक्याच्या पोस्टात टपाल वळवण्याच्या अर्जांचा एक दिवस ठेवावा, अशी मागणी आपण डाक अधीक्षकांकडे करू या. अर्जाचा नमुना मी मराठीत आणि उर्दूत आणला आहे, मागच्या टेबलावर आहे. जाताना दोन घेऊन जा, एक आपल्यासाठी आणि एक शेजारच्या घरासाठी.