जुने ब्राउझर आणि गावाची यादी



पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या मोठ्या गावाची पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी संगणकावर प्रसिद्ध झाली, अशी कल्पना करावी. जेथे ती तयार झाली, त्या यंत्रावर नावे व रकमा नीट समोरासमोर दिसतात. शाळेतील जुन्या यंत्रावर मात्र लांबलचक नाव दोन ओळींत मोडते, रकमांची ओळ तशीच राहते आणि तेथून खाली एकाची बाकी दुसऱ्याच्या नावासमोर येते. चावडीवर तंटा उभा राहण्यास एवढे पुरेसे आहे.

याचे कारण हिशेबाच्या दोन पद्धतींत आहे. पानाची मांडणी सांगणाऱ्या स्टाइलशीटचे पहिले मानक डिसेंबर 1996 मध्ये मान्य झाले. रकान्याची रुंदी 300, आतली मोकळी जागा दोन्ही बाजूंस 20 व कडा 5 ठरविल्यास मानकानुसार रकाना एकूण 350 जागा व्यापतो. इंटरनेट एक्सप्लोरर 5 मात्र सारे काही 300 मध्येच बसवीत असे. मजकुरास उरत 250. पुढील आवृत्ती 6 मानक पाळू लागली, तथापि पानाच्या आरंभी दस्तऐवजाचा प्रकार सांगणारी ओळ असेल तरच. ती विसरली की जुनाच हिशेब!

यास्तव ती ओळ कधीही गाळू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यादी ही खरोखरीच्या तक्त्यात लिहावी. वेगवेगळे खांब शेजारी उभे करून तक्त्याचा केवळ भास निर्माण करणे हेच तंट्याचे मूळ होय. तक्त्यात नाव व रक्कम एकाच ओळीला बांधलेली असतात. नाव मोडले तरी रक्कम जागा सोडीत नाही. न समजलेली सूचना ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो, हाही गुण उपयोगी पडतो. जुनी सूचना आधी व नवी नंतर लिहिली, की ज्याला जी कळेल ती तो घेतो.

मराठीची अडचण आणखी निराळी आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्यामुळे निरर्थक रोमन अक्षरे उमटत. युनिकोडने ते संकट टळले. परंतु विंडोज एक्सपीवर जोडाक्षरांची सोय चालू केलेली नसल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे. ‘वारकऱ्यांसाठी’ या शब्दातील ऱ्य तर अनेक फॉन्टची परीक्षाच पाहतो.

एक्सपीचा आधार 2014 मध्ये व इंटरनेट एक्सप्लोररचा जून 2022 मध्ये संपला. अशी यंत्रे आता बदलावीत हे खरेच. पण ती बदलेपर्यंत गावकऱ्यांची कामे थांबत नाहीत. म्हणून यादी प्रसिद्ध करण्यापूर्वी स्टाइलशीट काढून ती एकदा उघडावी आणि ज्याने ती तयार केली नाही, अशा शिक्षकाकडून वा सदस्याकडून पाच-दहा नावे रकमेसह मोठ्याने वाचून घ्यावीत.