धर्मग्रामाच्या कायम निधीविषयीं चार शब्द

(ज्युबिलीच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजचा दिवस आपणां सर्वांस आनंदाचा आहे. सकाळीं उपकारस्तुतीची मिस्सा झाली, मुलांनीं गीतें म्हटलीं, वृद्धांचा सत्कार झाला. आतां जेवणाची वेळ जवळ आली असतां पैशाविषयीं बोलावयास उभें राहणें पुष्कळांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. धर्मगुरूनें पैशाचें नांव काढलें कीं मागच्या बाकांवरील मंडळी हळूच दाराकडे पाहूं लागते. त्या मंडळीनें आज स्वस्थ बसावें. आज आम्ही पेटी फिरविणार नाहीं. आम्हांस हवा आहे तो आपला अर्ध्या तासाचा विचार, आणि तोहि घरीं गेल्यावर.

ज्या देवळांत आज आपण उपकारस्तुति केली तें आपल्यापैकीं कोणींहि बांधलेलें नाहीं. कोणीं चुना दिला, कोणीं सागाची तुळई दिली, कोणीं आपली बैलगाडी दिली. ज्यांच्यापाशीं कांहींच नव्हतें त्यांनीं वाडीचें काम आटोपून संध्याकाळीं माती वाहिली. त्यांतील बहुतेकांचीं नांवें आज मृतांच्या नोंदवहीवांचून कोठेंहि आढळत नाहींत. म्हातारपणीं फणसाचें झाड लावणारा मनुष्य गरे आपल्याच ताटांत पडावे म्हणून तें लावीत नाहीं. त्या लोकांनीं लाविलें, आपण खात आहों. आपल्यामागून येणाऱ्यांसाठीं आपण काय लावीत आहों, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या वसईच्या इतिहासांत ह्याविषयीं एक मोठा धडा आहे. १५३४ सालीं गुजराथच्या सुलतानानें वसई पोर्तुगिजांस दिली. त्यापुढें दोनशें वर्षें येथील देवळांस व मठांस राजाश्रय होता. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला आणि तो आश्रय संपला. मठवासी निघून गेले. किल्ल्यांतील मोठमोठ्या देवळांच्या भिंती आज उभ्या आहेत, पण त्यांवर छप्पर नाहीं. तरी श्रद्धा गेली नाहीं. खेड्यांपाड्यांतील शेतकऱ्यांनीं व देशी धर्मगुरूंनीं ती राखिली. राजाच्या खजिन्यांतून आलेलें राजाबरोबर गेलें; लोकांनीं आपल्या ओंजळीनें घातलेलें मात्र राहिलें.

परंतु ओंजळीनें पाणी रोज आणावें लागतें. म्हणून आपल्या वाडवडिलांनीं वाडीवाडींत बावखलें खणिलीं. पावसाचें पाणी त्यांत साठे, जमिनींत मुरे आणि उन्हाळ्यांत केळींस व पानवेलींस मिळे. जेवढें पाझरून येई तेवढेंच रहाट काढी. पुढें पंप आले, पाणी उपसून टँकरनें विकलें गेलें, कित्येक बावखलें बुजविलीं गेलीं, आणि किती विहिरी खाऱ्या झाल्या हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. कायम निधि म्हणजे धर्मग्रामाचें बावखल होय. मुद्दल हें साठविलेलें पाणी, व्याज हें पाझरून आलेलें. व्याज खर्चावें, मुद्दलास हात लावूं नये, इतकाच त्याचा नियम. रविवारची दानपेटी ही रोजची घागर आहे. तिच्यांतून मेणबत्त्या, वीज व झाडलोट भागते. परंतु पहिल्याच पावसांत छप्पर गळूं लागलें, किंवा एखाद्या विधवेच्या तीन मुलांची फी एकदम भरावी लागली, म्हणजे घागर पुरत नाहीं. मग आम्हांस दारोदार फिरावें लागतें.

आतां आम्हीं केलेली एक चूक सांगतों. ती सांगावयास संकोच वाटतो, परंतु तिच्यावांचून आजचें बोलणें अपुरें राहील. आम्ही तरुण होतों व दुसऱ्या एका धर्मग्रामांत नेमलेले होतों. तेथें एक अविवाहित वृद्ध गृहस्थ होते. रोज सकाळीं मिस्सेला येत. एके दिवशीं मिस्सा झाल्यावर ते साक्रिस्तींत आले व म्हणाले, "फादर, माझ्या वाडींतल्या दहा माडांचें उत्पन्न गरिबांच्या पोरांच्या फीला लावा. मी गेल्यावरहि लावा." आम्हांस आनंद झाला. आम्ही म्हणालों, "बाबा, विचार उत्तम आहे. आपला सण होऊन जाऊं द्या, मग निवांत बसून लिहूं." सण झाला, पावसाळा आला, मुलांच्या परीक्षा आल्या. ते दोनदां पुन्हां बोलले. आम्हीं दोनदां "पाहूं" म्हटलें. आणि एके रात्रीं ते प्रभूच्या घरीं गेले.

त्यांचे पुतणे प्रामाणिक होते. ते आपण होऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "काकांचें हें बोलणें आम्हींहि ऐकलें होतें, फादर. पण आतां वाडींत सात वाटेकरी आहेत, दोघे परदेशांत आहेत. कोणाची सही कोण आणणार?" दोन वर्षांनीं वाडी विकली गेली व माड तुटले. दहा माडांची ती इच्छा दहा ओळींच्या कागदाअभावीं गेली. ह्यांत पुतण्यांचा दोष नाहीं, कायद्याचा नाहीं. दोष आमचा आहे. ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेंत तोंडी केलेली अशी देणगीसुद्धां लेखीं नोंदवावी असें स्पष्ट सांगितलें आहे. आम्ही सेमिनरींत तें शिकलों होतों. आजहि जून महिन्यांत एखादी माता फीची चिठ्ठी पदराआड धरून दारांत उभी राहिली कीं आम्हांस ते दहा माड दिसतात.

म्हणून आमचें पहिलें सांगणें हें कीं, द्यावयाचें तें ठरवून द्यावें. संत पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना हीच रीत घालून दिली आहे. यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठीं प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या कमाईच्या मानानें कांहीं बाजूला काढून ठेवावें, म्हणजे आपण आल्यावर धांवपळ नको, असें त्यानें सांगितलें. भाषण ऐकून डोळे ओले झाले व खिशांत हात गेला, तर तें दानच आहे. पण संताला हवें होतें तें शांत डोक्यानें, घरीं, हिशेब करून ठेवलेलें दान. घरांत महिन्याचा तांदूळ आपण ठरवितों, मुलांच्या शाळेचें ठरवितों, लग्नाच्या मांडवाचें तर वर्षभर आधीं ठरवितों. मग प्रभूच्या कार्याचें तेवढें उरल्यासुरल्यावर कां सोडावें?

दुसरें सांगणें मृत्युपत्राविषयीं. पुष्कळांस वाटतें कीं मृत्युपत्र केलें कीं मरण जवळ येतें. तसें असतें तर वकिलांच्या दारांत प्रेतयात्रांची रांग लागली असती. मृत्युपत्र करणें कठीण नाहीं. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्यानें लेखावर सही करावी, आणि निदान दोन साक्षीदारांनीं त्याच्या समक्ष सह्या कराव्या. नोंदणी सक्तीची नाहीं, पण केलेली बरी. ज्यास त्यांतून कांहीं मिळावयाचें आहे त्यानें, किंवा त्याच्या पत्नीनें अगर पतीनें, साक्ष घालूं नये. कारण १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें साक्षीदारास दिलेली देणगी रद्द ठरते. विवाहापूर्वीं केलेलें ख्रिस्ती मनुष्याचें मृत्युपत्र विवाहानें रद्द होतें. तें पुन्हां करावें. जिवंत असेपर्यंत तें केव्हांहि बदलतां येतें. मृत्युपत्र नसेल तर विधवेस एक-तृतीयांश व मुलांस उरलेलें, मुलगा-मुलगी भेद न करितां सारखें, अशी त्याच कायद्याची वांटणी आहे. वांटणी न्याय्य आहे. पण त्यांत अनाथाचा, आजाऱ्याचा किंवा देवळाचा वांटा नाहीं. तो आपण लिहिला तरच येतो.

ह्याच कायद्यांत ११८ वें कलम होतें. ज्यास पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे अशा मनुष्यानें धर्मकार्यास मृत्युपत्रानें कांहीं दिलें, तर तें मृत्यूच्या निदान बारा महिने आधीं केलेलें व सहा महिन्यांच्या आंत सरकारी ठेवींत ठेविलेलें असावें लागे. केरळांतील धर्मगुरु जॉन वल्लमट्टम ह्यांनीं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि २१ जुलै २००३ रोजीं न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. कलम अन्यायाचें होतें, तें गेलें हें बरें झालें. परंतु त्याच्या मुळाशीं जी भीति होती ती अगदींच खोटी नव्हती. मरणाऱ्या मनुष्याच्या उशाशीं बसून त्याच्याकडून धर्माच्या नांवानें लिहून घेणारे लोक जगांत होऊन गेले आहेत. म्हणून आम्ही आज सर्वांसमक्ष वचन देतों कीं, आपल्या आजारपणांत आम्ही पवित्र तेल घेऊन येऊं, कागद घेऊन येणार नाहीं. कागदाचें काम धडधाकट असतांना, बायकामुलांस जवळ बसवून, त्यांच्या संमतीनें व्हावें.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. देवाला अर्पण केलें असें म्हणून जे लोक आईबापांस उपाशी ठेवीत त्यांस प्रभु येशूनें कठोर शब्दांनीं दोष दिला. पत्नीचें छप्पर, अपंग मुलाचा औषधोपचार, अविवाहित बहिणीचा निर्वाह हीं आधीं. त्यांचा घांस काढून कोणी देवळास वाडी देऊं म्हणेल तर आम्ही ती घेणार नाहीं. आज आपल्या जमिनीस सोन्याचा भाव आला आहे व त्या सोन्यापायीं सख्खे भाऊ कोर्टांत उभे आहेत. त्या भांडणांत देवळास आणखी एक वाटेकरी करावें अशी आमची इच्छा नाहीं. शंभरांतले पांच, दहा, जें घरांतील सर्वांस आनंदानें देतां येईल तेंच लिहावें.

तिसरें सांगणें आम्हां स्वतःस आहे. जो मागतो त्यानें हिशेब दाखविला पाहिजे. १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणें दात्यानें ज्या कामासाठीं दिलें त्याच कामास तें लावावें लागतें. असा निधि स्वीकारण्यास बिशपांची लेखी परवानगी लागते. पत्राची एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरांत व एक आपल्या दप्तरांत राहते. निधींतून येणाऱ्या कर्तव्यांचा तक्ता सर्वांस दिसेल अशा जागीं लावावा लागतो. आपल्या महाराष्ट्रांत सार्वजनिक विश्वस्त निधीची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवांचून विकतां येत नाहीं. हे नियम कागदावर राहूं नयेत. येत्या वर्षापासून निधीचा जमाखर्च देवळाच्या दाराशीं लावला जाईल, आणि अर्थसमितींतील मंडळी मिस्सेनंतर प्रश्नांस उत्तर देण्यास तेथें उभी राहील. ज्यास शंका असेल त्यानें ती पारावर न बोलतां तेथें विचारावी.

खोटी आशाहि आम्ही दाखविणार नाहीं. पूर्वीं थोडक्या रुपयांवर कायमच्या मिस्सा ठेवीत. उत्पन्न घटलें तर त्यांची संख्या कमी करण्याचा अधिकार बिशपांस कायदेसंहितेनें दिला आहे, आणि महागाईपुढें तसें करावेंहि लागतें. म्हणून कोणी युगानुयुगांच्या मिस्सांचें वचन मागेल तर आम्ही देणार नाहीं. नेमक्या वर्षांचें देऊं व तें पाळूं. हिशेब साधा आहे. एक लाख रुपये सहा टक्क्यांनीं ठेविले तर वर्षास ६,००० रुपये येतात. ते सर्व खर्च केले तर वीस वर्षांनीं मुद्दल कागदावर तेवढेंच दिसेल, पण बाजारांत तें बरेंच लहान झालेलें असेल. म्हणून ४,००० खर्चावे व २,००० पुन्हां मुद्दलांत टाकावे. अशानें महागाईची झळ सारी टळत नाहीं, पण कमी लागते.

आतां कोणी म्हणेल, हें श्रीमंतांचें काम आहे. तसें नाहीं. १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांनीं वसईंत सहकारी पतपेढी काढली; तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. थोडें थोडें एकत्र ठेविलें कीं काय होतें, हें आपल्या लोकांस दुसऱ्या कोणीं शिकवावें अशी स्थिति नाहीं. मंदिरांतील भांडारापुढें बसून प्रभूनें जिच्याकडे शिष्यांचें लक्ष वेधलें ती एक गरीब विधवा होती, आणि तिचीं नाणीं दोनच होतीं.

तेव्हां आमच्या तीन विनंत्या आहेत. प्रत्येक कुटुंबानें ह्या आठवड्यांत एकत्र बसून वर्षाचें धर्मदान ठरवावें, मग तें कितीहि लहान असो. घरांत लग्न किंवा पहिलें कम्युनियन असेल तेव्हां मांडवाच्या खर्चांतील शंभरीं दोन रुपये निधींत घालावे. आणि ज्यांचें वय साठीपुढें गेलें आहे त्यांनीं येत्या २ नोव्हेंबरच्या आंत, मृतांच्या स्मरणदिनापूर्वीं, आपलें मृत्युपत्र करावें. त्यांत देवळाचें नांव असो वा नसो, मृत्युपत्र मात्र असावें. त्यानें निदान मुलांचीं मनें तरी एकत्र राहतील. कोणास कांहीं लिहावयाचें असल्यास आमच्या खोलीचें दार उघडें आहे. ह्या वेळीं आम्ही "पाहूं" म्हणणार नाहीं. लेखणी टेबलावर ठेविली आहे.

पुढच्या ज्युबिलीस आपल्यापैकीं पुष्कळ जण ह्या मंडपांत नसतील, आम्हीहि नसूं. तेव्हां येथें जे धर्मगुरु उभे राहतील त्यांस दारोदार फिरावें न लागो, आणि फी नाहीं म्हणून एकहि मूल शाळेच्या दारांतून परत न जावो. प्रभु येशूची कृपा आपल्या घरांवर, आपल्या वाड्यांवर व आपल्या मृतांवर असो. आमेन.