हाताचे अवधान आणि परिचर्येचे शिक्षण

परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्यांवरील ताणाला दोन तोंडे आहेत; कारण जीएनएम पदविकेच्या तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत औषधाच्या मात्रेचे जे गणित वर्गात गुणांसाठी सोडवले जाते, तेच वॉर्डात पोस्टिंग लागताच रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडते. त्यात रात्रपाळीही येते; खानदेशातील दीपनगरसारख्या वीजकेंद्राच्या वसाहतीला रात्रपाळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तथापि यंत्रासमोर जागणे वेगळे आणि मरणासन्न माणसाच्या उशाशी, तेही विशीच्या आत, जागणे वेगळे.

यावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे सजगतेने केलेली सर्जनशील कृती. सजगता म्हणजे चालू क्षणाकडे, बरेवाईट न ठरवता, जाणीवपूर्वक दिलेले लक्ष. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तिचा वैद्यकीय उपयोग सुरू केला. गिरिजा कैमल व सहकाऱ्यांच्या 2016 मधील अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटे कलाकृती केली, तेव्हा सुमारे 75 टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, घटलेले आढळले आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. त्याआधी 2005 मध्ये करी आणि कॅसर या संशोधकांना असे दिसले होते, की कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवण्यापेक्षा मंडलासारखी आखीव आकृती रंगवल्याने चिंता अधिक ओसरते. थकलेल्या मनाला मोकळीक दिली की ते पुन्हा वॉर्डातच फिरत राहते. त्याला धरायला एक चौकट लागते, असा या निष्कर्षाचा अर्थ लावता येईल.

अशा चौकटी खानदेशात उसन्या आणाव्या लागत नाहीत. ठिपक्यांची रांगोळी, गोधडीचा धावदोरा, भुलाबाईची फेर धरून म्हटलेली गाणी यांत नियम ठरलेला असतो आणि हात त्याच्यामागे जातो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांनी अकाली वैधव्य आल्यावरही घरकाम आणि शेतीकाम करता करता ओव्या रचल्या. त्यांना लिहिता येत नव्हते, घरच्यांनी टिपून ठेवलेली ती रचना 1952 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. छापले जाण्याची वा कोणी तपासण्याची अपेक्षा त्या रचनेमागे नव्हती, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची ठरते.

कारण शिक्षणसंस्थेत शिरलेला कोणताही उपक्रम पाहता पाहता 'सबमिशन' होतो. आरोग्यशिक्षणाचे चार्ट सजवण्यात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या रात्री आधीच पुरेशा खर्ची पडतात. त्यात गोधडीला दहा गुण ठेवले, तर ताणाचे आणखी एक कारण तेवढे निर्माण होईल. शिवाय सलग निद्रानाश किंवा जीव नकोसा वाटणे यांवर रांगोळी हा उपचार नव्हे. तेथे समुपदेशक किंवा 2022 मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही 14416 क्रमांकाची सेवा हवी. आणि उपक्रमासाठीचा पाऊण तास रविवारच्या सुटीतून न कापता ड्युटीच्या तासांतूनच मोकळा केला पाहिजे. ते काम विद्यार्थ्यांचे नसून वेळापत्रक आखणाऱ्यांचे आहे.