तोतरेपणाचा शोधक

अमेरिकेंतील वाचाशास्त्रज्ञ डॉ. वेन्डेल जॉन्सन (१९०६–१९६५) हे स्वतः तोतरे होते. डावखुरें बनल्यास जीभ सुटेल या तत्कालीन मतापायीं त्यांनीं आयोवा विद्यापीठांत उजवा हात प्लास्टरांत बांधून घेतला. जीभ सुटली नाहीं. पुढें त्यांचें मत बनलें कीं, अडखळणाऱ्या मुलास वडीलधाऱ्यांनीं तोतरें म्हटल्यानेंच तें तोतरें होतें. आज आनुवंशिकतेचा वाटा मोठा मानतात. १९३९ सालीं त्यांच्या देखरेखीखालीं एका विद्यार्थिनीनें डॅव्हनपोर्टच्या अनाथालयांतील नीट बोलणाऱ्या ६ मुलांस तोतरीं ठरवून तसें सांगितलें. तीं तोतरीं झालीं असा पुरावा नाहीं. बोलावयास मात्र बिचकूं लागलीं. ज्यांनीं हें दुःख भोगलें, त्यांनींच पोरक्यांवर तें घालूं पाहावें, हें विपरीतच! २००१ सालीं विद्यापीठानें क्षमा मागितली, तेव्हां त्यांतील हयात मुलें वृद्ध झालीं होतीं.