ओसरीवरचा पाहुणा

संगणकाला एखादं नवं यंत्र जोडलं, की दोघांमध्ये एक दुभाषा लागतो. यंत्राची भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला आणि सिस्टिमची भाषा यंत्राला समजावून सांगणारा हा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. या दुभाष्यानं राहायचं कुठे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. मलाही वाटत होता.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात संगणक शिकवत असे. प्रयोगशाळेत बारा संगणक होते, सगळ्यांवर लिनक्स. वायरलेस कार्डांचा ड्रायव्हर उत्पादकानं सीडीवर दिला होता. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग २००८ साली मी सिस्टिम अद्ययावत केली आणि दुसऱ्याच दिवशी, ऐन प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी, बाराही संगणक नेटवर्कच्या बाहेर! उत्पादकाकडे चौकशी केली, तर ते कार्ड बनवणंच बंद झालं होतं. परीक्षा पुढे ढकलावी लागली.

दोष कुठे होता? लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. त्याचे आतले सांधे सतत बदलतात. जे ड्रायव्हर कर्नलच्या घरातच राहतात, त्यांची अडचण होत नाही; कारण सांधा बदलणाऱ्यानंच त्यावर अवलंबून असलेले घरातले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा रिवाज आहे. सीडीवरचा ड्रायव्हर मात्र घराबाहेरचा. त्याची आठवण कोण ठेवणार?

मग सगळ्यांनाच घरात घ्यावं, तर कच्चं काम आत शिरतं. यावर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २००८ मध्ये तोड काढली. त्यांनी कर्नलला जणू एक ओसरी बांधली. तिचं नाव ‘स्टेजिंग’. कच्चा ड्रायव्हर तिथे बसतो. काय काय सुधारायचं, याची यादी त्याच्याजवळच ठेवलेली असते. सुधारला, की माजघरात जातो. कोणी लक्षच दिलं नाही, तर निरोप मिळतो. अँड्रॉइडच्या ड्रायव्हरांनाही २०१० मध्ये असा निरोप मिळाला होता. २०१२ मध्ये ते परत आले.

कधी कधी पाहुणा चांगला असतो, पण त्याच्यासाठी खोलीच नसते. हालचाल मोजणारा संवेदक घ्या. कीबोर्ड-माउसच्या खोलीत माणसाचे हुकूम येतात. दुसऱ्या खोलीत पंखा, तापमान अशी संगणकाची स्वतःची प्रकृती पाहिली जाते. पुलाची थरथर मोजणारा संवेदक दोन्हीकडे उपराच. जोनाथन कॅमेरॉन यांनी अशा संवेदकांसाठी ‘इंडस्ट्रियल आय-ओ’ ही वेगळी व्यवस्था उभी केली. २००९ मध्ये ती ओसरीवर आली आणि २०१२ मध्ये तिला घरात स्वतंत्र खोली मिळाली.

आमच्या कार्डांचा ड्रायव्हरही पुढे ओसरीवर आला आणि अडगळीत टाकलेली बारा कार्डं पुन्हा चालू झाली. तेव्हापासून लिनक्ससाठी कोणतंही यंत्र घेताना मी दुकानदाराला ‘सोबत सीडी आहे का?’ असं विचारत नाही. ‘याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का?’ एवढंच विचारतो. तुम्हीही विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)