गायीचे वजन आणि दहावीचे गणित



राज्यभरातील शिक्षक, मुख्याध्यापक, निदेशक आणि कारागीर यांचे हे संमेलन शिरूर तालुक्यात, पाबळच्या परिसरात भरवण्याला कारण आहे. एरवी पाबळचे नाव निघते ते मस्तानीच्या समाधीमुळे. शिक्षणक्षेत्रात मात्र ते ओळखले जाते विज्ञान आश्रमामुळे. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले आणि हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले, या आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये या दुष्काळी टापूत येऊन राहिले आणि शाळा सुटलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम सुरू केले. माणूस हाताने काम करता करता शिकतो, यावर त्यांचा पक्का विश्वास होता. त्यातूनच माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, शेत, गोठा आणि स्वयंपाकघर यांचा. शिकवणारे बहुधा गावातलेच कारागीर. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही विभाग सर्वांना सक्तीचे. त्यामुळे मुली वेल्डिंग करतात आणि मुले चिक्की थापतात. पुढे २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांवर वस्तू घडवण्याची कार्यशाळा, सुरू झाली तीही इथेच.

या पद्धतीत नेमके काय घडते, ते गोठ्यात पाहावे. गायीला जंताचे औषध द्यायचे असते. मात्रा वजनावर ठरते आणि गावात गाय उभी राहील एवढा वजनकाटा नसतो. मग मुले टेप घेतात. पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजतात आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंत लांबी घेतात. घेराचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे, ६६० ने भागायचे. मापे इंचांत घेतली, तर उत्तर किलोग्रॅममध्ये येते. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल, तर गाय अंदाजे २७३ किलोची. इथे चौकस मुलगी विचारणारच, की वर्ग घेराचाच का, लांबीचा का नाही? याचे उत्तर दहावीच्या भूमितीत आहे. गायीचे धड ढोबळमानाने दंडगोल असते, आणि दंडगोलाचे घनफळ त्रिज्येच्या, म्हणजेच परिघाच्या वर्गावर अवलंबून असते. टेप सैल धरून घेर दोन इंच जास्त भरला, तर वजन अठरा किलोंनी वाढते आणि औषधाची मात्रा चुकते. त्या मुलीने पुढे पशुवैद्यकाची वाट धरली, दुग्धव्यवसाय काढला किंवा संख्याशास्त्र घेतले, तरी मोजमापातली चूक उत्तरात किती वाढते, हे तिने स्वतःच्या हाताने पाहिलेले असते.

गवंड्याकडेही हेच. फक्की टाकून पायाची आखणी करताना तो एका बाजूला तीन फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला चार, आणि कर्ण पाच भरला की कोपरा काटकोनात बसला असे समजतो. पायथागोरसचे प्रमेय पाठ म्हणणाऱ्या मुलांपैकी कितीजणांनी असा कोपरा धरून पाहिला आहे?

संमेलनाच्या स्वागत समितीला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. काम खरे हवे, आणि ते वापरणारा माणूस खरा हवा. मुलांनी केलेली चिक्की विकली जाते तेव्हा गूळ, शेंगदाणे, गॅस आणि मजुरी धरून खर्चपत्रक मांडावेच लागते, आणि शेकडेवारीला अर्थ येतो. शाळेच्या फाटकाला मुलांनी मारलेले वेल्डिंग पुढच्या वर्षी टिकले की निघाले, हे सगळा गाव पाहतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणी एका दिवसाची कार्यशाळा होते. साठ मुले एका ड्रिल मशीनभोवती उभी राहतात, पाहुणे करून दाखवतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. त्यामागची तळमळ खरी असते. पण साठातल्या अठ्ठावन्न मुलांचा हात यंत्राला लागलेला नसतो, आणि त्यांचे नुकसान त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही.

हाताने काम करत शिकण्याचा विचार महाराष्ट्राच्या मातीत जुना आहे. गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाची, चर्चा ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत झाली आणि आराखड्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ प्रत्यक्षात आणून दाखवले. तरीही हाताचे काम म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांचे काम, ही समजूत घराघरांत राहिली, आणि तिने शाळांच्या वेळापत्रकातून कार्यानुभवाला कोपऱ्यात ढकलले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकण्याची सोय सुचवली, हे स्वागतार्ह आहे. पण ते दहा दिवस दहा सहलींत संपले, तर मुलांच्या हाती काही लागणार नाही. एकाच कारागिराकडे सलग दहा दिवस गेले, तर एखादी वस्तू पुरी होईल, बिघडेल, दुरुस्त होईल.

कच्चा माल, विमा, कारागिराचे मानधन, तासिकांची जुळवाजुळव या अडचणी प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहेत आणि त्या खऱ्या आहेत. म्हणूनच दुपारच्या गटांत भाषणे ठेवलेली नाहीत. प्रत्येक गटाने आपल्या इयत्तेचा एक धडा निवडावा. तो शिकवू शकेल असा आपल्या गावातला कारागीर कोण, साहित्याला किती रुपये लागतील आणि तयार वस्तू कोण घेईल, हे कागदावर मांडून संध्याकाळपर्यंत समितीकडे द्यावे. गोठ्यातली प्रात्यक्षिके जेवणानंतर लगेच सुरू होतील. टेप प्रत्येक जोडीला वेगळा मिळेल.

आता संमेलनाध्यक्षांनी सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती.